अमरिलिसचा कांदा व त्याची जोपासना



नवरात्राच्या दिवसांत आपल्या टेंभी नाक्यावरून चालतांना फुलांच्या वासानें मन भरून जातें. देवीच्या मंडपाकडे जाणाऱ्या वाटेवर झेंडू, शेवंती व निशिगंध ह्यांचे ढीग लागतात. पलीकडे जांभळी नाक्याच्या बाजारांत तर बारा महिने फुलें मिळतात. इतकीं फुलें रोज आपल्या डोळ्यांपुढून जातात. परंतु तीं उगवतात कशीं व वाढतात कशीं, हें आपल्यापैकीं किती जणांनीं आपल्या घरीं पाहिलें आहे? हा प्रश्न मीं एकदां वर्गांत विचारला. बहुतेकांचें उत्तर एकच होतें : "सर, आमच्याकडे जागा नाहीं."

उत्तर खोटें नव्हतें. ठाण्याचीं कौलारू घरें गेलीं, त्यांच्याबरोबर अंगणेंहि गेलीं. आतां बहुतेकांच्या वांट्यास एक खिडकी किंवा दोन हात लांबीची गॅलरी येते. परंतु जागा नाहीं म्हणून बाग नाहीं, हें मात्र पूर्ण खरें नव्हे. वीतभर रुंदीची कुंडी मावेल एवढी खिडकी ज्याच्या घरीं आहे, त्याला अमरिलिसचा एक कांदा नक्कीच वाढवितां येईल. तो कसा वाढवावा, हें ह्या लेखांत सांगावयाचें आहे. ह्यांतील पुष्कळसा भाग मीं पुस्तकांतून वाचला. पण सर्वांत महत्त्वाचा भाग माझ्या हातून एक कांदा कुजला तेव्हां शिकलों. ती हकीकत पुढें येईलच.

नांवाचा घोळ

बाजारांत ज्यास अमरिलिस म्हणतात व आपल्या घरीं ज्यास नुसतें 'लिली' म्हणतात, तें झाड खरें पाहतां लिलीहि नव्हे आणि शास्त्राच्या काटेकोर भाषेंत अमरिलिसहि नव्हे. अमरिलिस हें नांव लॅटिन कवि व्हर्जिल ह्याच्या काव्यांतील एका मेंढपाळ तरुणीचें. स्वीडनचा शास्त्रज्ञ लिनियस ह्यानें १७५३ सालीं तें एका वनस्पतीस दिलें. खरी अमरिलिस दक्षिण आफ्रिकेंतील होय. आपल्या कुंडींत जी वाढते ती दक्षिण अमेरिकेंतून आलेली. ब्राझील, पेरू, बोलिव्हिया हे तिच्या भाऊबंदांचे मुख्य देश. इंग्लंडांतील विल्यम हर्बर्ट ह्यानें १८२१ सालीं तिला हिपिॲस्ट्रम असें वेगळें नांव दिलें. त्या ग्रीक शब्दांत 'घोडेस्वार' व 'तारा' असे दोन अर्थ जोडलेले आहेत. तरीहि वाद मिटला नाहीं. अखेर १९८७ सालीं बर्लिन येथें भरलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या वेळीं अमरिलिस हें नांव आफ्रिकेच्या वनस्पतीकडे राहावें, असें ठरलें. बाजारानें मात्र जुनें नांव सोडलें नाहीं, म्हणून आम्हीहि येथें तेंच वापरतों.

ही लिली नव्हे, हें तुम्हांस स्वतः पडताळून पाहतां येईल. फूल उमललें म्हणजे त्याच्या मागें पाहा. पाकळ्यांच्या खालीं, देंठाच्या टोंकास एक हिरवी गांठ दिसेल. तो अंडाशय होय. खऱ्या लिलींत ही गांठ पाकळ्यांच्या वर, फुलाच्या आंत असते. सहा पाकळ्या, सहा पुंकेसर व टोंकाशीं तीन फांटे फुटलेली एक लांब कुक्षिवृंती, एवढें मोजून वहींत टिपून ठेवा. परीक्षेस उपयोगी पडेल.

बागेंतले दोन धर्मोपदेशक

वर ज्या हर्बर्टचें नांव आलें, तो धर्मोपदेशक होता व पुढें मँचेस्टर येथें डीन झाला. दोन निरनिराळ्या जातींचा संकर करून नवीं फुलें उत्पन्न करण्याचा त्याला मोठा नाद. त्याच्या प्रयोगांचा उल्लेख डार्विननें १८५९ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत केला आहे. ह्याच हर्बर्टनें ह्या कुळांतील एका वनस्पतीस विल्यम केरी ह्याचें नांव दिलें. मराठी मुलांना केरीची ओळख असावयास हवी. बंगालमध्यें श्रीरामपूर येथें राहून त्यानें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापलें व १८१० सालीं मराठी–इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. तोच केरी हाडाचा बागवान होता. हिंदुस्थानांतील शेती व बागाइतीची उन्नति करणारी संस्था त्यानें १८२० सालीं कलकत्त्यास स्थापन केली. १८२३ सालीं दामोदर नदीस मोठा पूर आला आणि केरीच्या बागेचा नाश झाला. त्या वेळीं त्याचें वय ६२ वर्षांचें होतें. त्यानें पुन्हां बी पेरावयास आरंभ केला. ही गोष्ट ध्यानांत ठेवा. पुढें तिचें काम पडणार आहे.

अमरिलिसचें कूळ आपल्या देशालाहि परकें नाहीं. कोंकणांत कुंपणाशीं वाढणारा पांढऱ्या फुलांचा नागदवणा ह्याच कुळांतला. सह्याद्रीच्या पठारांवर पहिल्या पावसाबरोबर फुलणारे कांहीं नागदवण्याचे सोयरे असे आहेत कीं, ते जगांत दुसरीकडे आपण होऊन उगवत नाहींत. त्यांपैकीं एकास पुण्याच्या गणेशखिंड बागेची व्यवस्था पाहणारे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक वुड्रो ह्यांचें नांव मिळालें आहे. आणि २००९ सालच्या नव्या वर्गीकरणाप्रमाणें आपल्या स्वयंपाकघरांतील कांदा व लसूणहि ह्याच मोठ्या कुळांत घातले गेले आहेत.

कांद्याच्या पोटांत काय असतें

स्वयंपाकाचा कांदा उभा चिरून पाहा. एकावर एक बसलेले जाड पदर दिसतात. ते पानांचे बुंधेच होत. तळाशीं एक चपटी तबकडी असते. ती खरें खोड. तिच्या खालून मुळें व वरून पानें निघतात. अमरिलिसच्या कांद्याची रचनाहि अशीच असते. पानें उन्हांत जें अन्न तयार करतात, तें ह्या पदरांत सांठतें. सामान्यतः दर चार पानांमागें आंत फुलाचा एक कोंब धरतो, आणि तो बाहेर दिसण्याच्या सुमारें एक वर्ष आधीं आंत तयार होऊं लागतो. म्हणजे ह्या वर्षीं जें फूल तुम्ही पाहतां, तें गेल्या वर्षींच्या पानांची कमाई होय. आणि ह्या वर्षीं पानांची हयगय केली, तर तिचा दंड पुढच्या वर्षीं भरावा लागतो. ह्या कांद्याच्या जोपासनेचें सगळें मर्म ह्या एका गोष्टींत आहे.

लागवड

कांदा विकत घेतांना तो हातांत धरून दाबून पाहावा. घट्ट व जड असेल तोच घ्यावा. मऊ, बुरशी आलेला किंवा तळाची तबकडी ओली झालेला घेऊं नये. मोठ्या कांद्याला दोन दांडे येण्याचा संभव असतो, लहानाला एखादाच. हॉलंडहून येणारे मोठे संकरित कांदे बहुधा ऑक्टोबरनंतर रोपवाटिकांत दिसूं लागतात. परंतु शेजाऱ्याच्या कुंडींतून मागून आणलेली आपली साधी तांबडी किंवा नारिंगी लिली ठाण्याच्या हवेस अधिक सोसते व तिला पैसेहि पडत नाहींत.

कुंडी मातीची असावी. तिच्या अंगांतून ओलावा सुकतो, आणि आपल्या दमट गांवांत हा मोठा फायदा आहे. कांदा व कुंडीची कड ह्यांच्यामध्यें सभोंवार दोन बोटें जागा राहील एवढीच कुंडी घ्यावी. फार मोठ्या कुंडींत माती ओली राहते. तळाचें भोंक मोकळें आहे ना, हें पाहून त्यावर खापरीचा तुकडा ठेवावा. दोन भाग लाल माती, एक भाग चांगलें कुजलेलें शेणखत व एक भाग जाड वाळू असें मिश्रण करावें. कांदा असा लावावा कीं, त्याचा वरचा एक तृतीयांश भाग मातीच्या वर राहील. मान मातींत गाडली तर तेथें पाणी सांचून कूज लागते.

पाणी व ऊन

लावल्यावर एकदां पुरेसें पाणी घालावें. मग हिरवा कोंब बोटभर वर येईपर्यंत हात आखडता घ्यावा. कोंब वाढूं लागल्यावर, वरची माती बोटाला कोरडी लागली म्हणजे पाणी द्यावें, तेंहि कांद्याच्या डोक्यावर न ओततां कडेनें. ह्यास ठराविक वार नाहीं. ठाण्याच्या मे महिन्यांत दिवसाआड पाणी लागेल, जुलैंत आठवडाभर लागणार नाहीं.

आतां माझी हकीकत सांगतों. आमचें जुनें घर टेंभी नाक्याजवळच होतें. त्याच्या अंगणांत आईनें तांबड्या लिलीचा ताटवा राखला होता. घर पाडून इमारत बांधावयाचें ठरलें, तेव्हां आईनें कांदे उपटून आम्हां भावंडांना वांटून दिले व मला सर्वांत मोठा दिला. कारण मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर! मीं तो खिडकींत ठेवला व फरशी खराब होऊं नये म्हणून कुंडीखालीं बशी ठेवली. जून लागला. खिडकींतून झड येई, बशी भरून राही. जुलैंत पानें मलूल होऊन लोंबूं लागलीं. झाडाला तहान लागली असें समजून मीं आणखी पाणी घातलें. पानें अधिकच लोंबलीं, मीं पाणी अधिकच वाढविलें. गणपतीच्या सुमारास आई घरीं आली. तिनें कांद्याला हात लावला. तो लोण्यासारखा मऊ झाला होता व त्यास घाण येत होती. ती एवढेंच म्हणाली, "अरे, तहान लागली आहे कीं पोट फुगलें आहे, हें आधीं हात लावून पाहावें!"

झालें होतें तें असें. मुळांनाहि हवा लागते. माती सतत भिजलेली राहिली कीं हवा कोंडते, मुळें कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढतां येत नाहीं. त्यामुळें पाण्यांत उभें असलेलें झाड तहानेलें दिसतें. मीं वर्गांत हा धडा पुष्कळदां शिकविला होता; परंतु स्वतःच्या कुंडीपाशीं तो मला आठवला नाहीं. त्या वेळेपावेतों भावंडांचेहि कांदे गेले होते, आणि अंगणाच्या जागीं खांब उभे राहिले होते. आईच्या ताटव्यांतील हा शेवटचाच कांदा होता.

आईनें कुजका भाग चाकूनें काढून टाकला. आंत तळाशीं सुपारीएवढें एक पिल्लूं घट्ट व निरोगी राहिलें होतें. तें तिनें दोन दिवस सावलींत सुकूं दिलें व कोरड्याशा मातींत लावलें. बशी तिनें उचलून नेली. केरीनें बासष्टाव्या वर्षीं पुन्हां बाग लावली, हें मीं त्या दिवशीं प्रथम नीट समजून घेतलें.

उन्हाविषयीं सांगावयाचें तर सकाळचें चार तास ऊन ह्या झाडास उत्तम. पूर्वेची खिडकी असेल तर दुसरें कांहीं पाहूं नये. एप्रिल–मेचें दुपारचें ऊन मात्र पानें करपवितें. दांडा उजेडाकडे झुकतो, म्हणून दर दोनतीन दिवसांनीं कुंडी थोडी फिरवावी. दांडा पोकळ असतो. फुलें जड असल्यास बारीक काठीचा आधार द्यावा. एका दांड्यावर बहुधा दोन ते सहा फुलें येतात. उमलल्यावर कुंडी थंड सावलींत ठेवली तर फुलें अधिक दिवस टिकतात.

फूल गेल्यावर

येथेंच पुष्कळ लोक चुकतात. फूल सुकलें कीं कुंडी कोपऱ्यांत जाते. फूल सुकल्यावर तें कापावें, दांडा पिवळा पडल्यावर तोहि कांद्याच्या वर दोन बोटें ठेवून छाटावा. परंतु हिरव्या पानाला सुरी लावूं नये. पुढच्या वर्षाची शिदोरी तेथें शिजत असते. ह्या काळांत दर पंधरा–वीस दिवसांनीं पातळ केलेलें खताचें पाणी द्यावें. नत्र बेताचें व पालाश अधिक असें खत चांगलें. नुसत्या नत्रानें पानेंच माजतात. पावसाळ्यांत कुंडी उजेडांत पण झडीपासून दूर ठेवावी.

विश्रांति

ऑक्टोबरच्या अखेरीपासून पाणी कमी करीत जावें व नोव्हेंबरच्या मध्यास तें बंद करावें. पुढें आठ ते दहा आठवडे कुंडी कोरडी, सावलींत व वारा खेळेल अशा ठिकाणीं ठेवावी. बरींचशीं पानें पिवळीं पडतील. एखादें हिरवें राहिलें तर चिंता नको. थंड देशांत ह्या वेळीं कांदा सुमारें १३ अंश उष्णतेंत ठेवतात. आपल्याकडे तितका गारवा नाहीं, पण कोरडेपणानें काम भागतें. शीतकपाटांत कांदा ठेवण्याची युक्ति कोणी सांगतात. ती घरांत करूं नये. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूनें आंतला फुलाचा कोंब बिघडतो, आणि दुसरें कारण पुढें सांगतों तें ह्याहूनहि गंभीर आहे.

जानेवारीच्या अखेरीस वरची बोटभर माती काढून नवी खतमाती घालावी व एकदां पाणी द्यावें. मग फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान फूल येईल. ईस्टरचा सण २२ मार्च व २५ एप्रिल ह्यांच्या दरम्यान केव्हां तरी येतो; तेव्हां आपली साधी लिली ईस्टरला फुललेली दिसण्याचा चांगला संभव असतो. कॅरिबियन बेटांवर तिच्या एका जातीला 'ईस्टर लिली' म्हणतातच. नाताळांत फूल हवें असेल, तर विश्रांति घेतलेला नवा कांदा आणून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यांत लावावा. लावल्यापासून सुमारें सहा ते आठ आठवड्यांत तो फुलतो. जुन्या कांद्याला नाताळासाठीं घाई करूं नये.

कीड व रोग

पावसाळ्यांत काळसर अंगावर पांढरे व तांबूस ठिपके असलेल्या अळ्या पानांवर थव्यानें दिसतात. एका रात्रींत त्या पान फस्त करतात. त्या चिमट्यानें वेंचून साबणाच्या पाण्यांत टाकाव्या. पानांच्या बगलेंत पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण समजावा. ओल्या फडक्यानें तो पुसून काढावा. पानांवर व दांड्यावर तांबडे चट्टे पडले तर ती बुरशी असते. तो भाग कापून टाकावा व पाणी पानांवर पडूं देऊं नये.

एक महत्त्वाची सूचना

पालकांनीं हा भाग अवश्य वाचावा. अमरिलिसचा कांदा विषारी आहे. त्यांतील लायकोरीन नांवाच्या द्रव्यानें ओकाऱ्या व जुलाब होतात. सुकलेला कांदा टोपलींतील कांद्यासारखाच दिसतो. म्हणून तो स्वयंपाकघरांत, भाजीच्या टोपलींत किंवा शीतकपाटांत कधींहि ठेवूं नये. लहान मुलें, कुत्रीं व मांजरें ह्यांच्या तोंडीं तो लागूं देऊं नये. हाताळल्यावर हात साबणानें धुवावे. चुकून कोणी खाल्ला तर घरगुती उपाय करीत बसूं नये. ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावें व कांद्याचा तुकडा बरोबर घ्यावा.

पिल्लें व बी

कांद्याच्या बाजूस पिल्लें फुटतात. विश्रांतीच्या अखेरीस, त्यांना स्वतःचीं मुळें आलीं असतील तर, तीं हलकेच सोडवून वेगळीं लावावीं. त्यांना फूल येण्यास दोनतीन वर्षें लागतात. बीपासून वाढवावयाचें तर एका फुलाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलाच्या कुक्षीवर लावावा. बोंड पिकून फुटण्यास महिना–सव्वा महिना लागतो. आंत काळें, कागदासारखें चपटें बी असतें. तें पाण्यावर तरंगत ठेवलें तरी रुजतें. फूल मात्र तीनचार वर्षांनीं, कधीं त्याहूनहि उशिरां येतें. इंग्लंडांत १७९९ सालीं जॉन्सन नांवाच्या एका घड्याळजीनें अशाच रीतीनें दोन जातींचा पहिला संकर केला, असें सांगतात. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या माणसास वाट पाहण्याची संवय असली पाहिजे!

शेवटीं विद्यार्थ्यांना एक काम देतों. एक कांदा मिळवा व एक वही घाला. लावल्याची तारीख लिहा. कोंब दिसल्यावर रोज एकाच वेळीं दांड्याची उंची मोजा व आलेख काढा. पाणी कोणत्या दिवशीं दिलें, पानें किती आलीं, हें टिपा. पुढच्या वर्षीं तीच वही उघडून, किती पानांमागें एक दांडा आला, तें मोजा. घरांत आजी–आजोबा असतील तर त्यांना विचारा. त्यांच्या जुन्या अंगणांतील एखादें झाड अजून कोणाच्या तरी कुंडींत असेल. तें मागून आणा.

आईनें लावलेल्या पिल्लास तिसऱ्या वर्षीं, मार्च महिन्यांत, एक दांडा आला. त्यावर दोनच फुलें होतीं. आई आतां जिने चढूं शकत नाहीं, म्हणून मीं कुंडी तिच्याकडे नेली. तिनें आधीं फुलाकडे पाहिलें नाहीं. मातींत बोट घालून पाहिलें, व मग मान डोलविली. आतां त्या कांद्यास चार पिल्लें आहेत. पुढच्या फेब्रुवारींत त्यांतलीं दोन शाळेच्या प्रयोगशाळेच्या खिडकींत येतील. बशी कोणीं ठेवूं नये, एवढीच विनंती.